कार्यशाळा घ्या, पण आधी डाउनलोडचा फोल्डर उघडा

प्रश्न: आम्ही दिग्रस तालुक्यातले पस्तीसेक सेवा केंद्रचालक मिळून डिजिटल ओळख आणि गोपनीयता या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा घेण्याच्या विचारात आहोत. मागच्या वर्षी आमच्यातले चौघं नागपूरला अशाच एका परिषदेला गेले होते. भाषणं मोठमोठी झाली, जेवण चांगलं होतं, पण परत येताना हाती काही लागलं नाही. आमच्या कार्यशाळेला वक्ते कोण बोलवावे, दिवसभर काय ठेवावं, कोणत्या महिन्यात घ्यावी? आणि ताई, मोठ्या शहरातल्या परिषदांना जाण्यात आम्हाला काही अर्थ आहे का?

उत्तर:

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्यातून बाकीच्यांची वाट निघते.

मोठ्या परिषदांना अर्थ आहे. कॅलिफोर्नियात २००५ पासून इंटरनेट आयडेंटिटी वर्कशॉप भरते, आता माउंटन व्ह्यू इथे वर्षातून दोनदा. एका ठिकाणच्या खात्याने दुसरीकडे लॉगिन करायची जी सोय आज सगळे बिनबोभाट वापरतात, तिच्यामागचं तंत्र घडवणारी माणसं तिथे जमत आली. ब्रुसेल्सला २००७ पासून माहिती संरक्षणावरची परिषद होते, आफ्रिकी देशांची ओळखपत्रं देणारी सरकारी खाती २०१५ पासून आयडीफॉरआफ्रिका या परिषदेत भेटतात. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आल्यापासून मुंबई-बंगळुरूत वकील, बँकवाले आणि सॉफ्टवेअरवाले यावर सतत बसत आहेत. तिथे जे घाटतं ते दोन-तीन वर्षांनी आपल्या टेबलावर नवं बटण, नवी चौकट किंवा नवं मशीन होऊन येतं.

अंगठ्याच्या मशीनचंच बघा. जुनं एल-झिरो मशीन बंद झालं, नवं एल-वन घ्या म्हणाले, आणि तुम्ही पदरचे पैसे घालून घेतलं. पण ते का बदललं? जुन्या मशीनमध्ये ठसा घेतल्यावर तो कुलूपबंद करायचं काम संगणकातल्या सॉफ्टवेअरवर सोपवलेलं होतं. नव्यात ते मशीनच्या पोटातच होतं, त्यामुळे वाटेत ठसा चोरणं अवघड झालं. दोन वाक्यांचं कारण आहे. ते तुम्हाला मशीन विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि परिषदेतल्या वक्त्यानेही सांगितलं नाही, कारण तुम्ही समोर बसलेले आहात हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिथली भाषणं धोरण ठरवणाऱ्यांसाठी असतात. म्हणून चौघांनी जाऊ नका, एकाने जा. जाताना तालुक्यातल्या चार-पाच खऱ्या अडचणी कागदावर लिहून न्या आणि चहाच्या सुट्टीत एखाद्या जाणत्याला गाठून त्याच विचारा. मला जे मिळालं ते असंच मिळालं, व्यासपीठावरून फार थोडं.

आता तुमची कार्यशाळा. मी २०११ साली आधार नोंदणीच्या शिबिरांत ऑपरेटर म्हणून लागले, नंतर बँकमित्रांना, म्हणजे गावात बँकेचं काम करणाऱ्यांना, शिकवू लागले, आणि गेली आठ-नऊ वर्षं वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे अशा कार्यशाळा घेते. सुरुवातीच्या कार्यशाळांत मी चुकले. मीही स्लाइड दाखवायचे. पासवर्ड मोठा ठेवा, ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका. लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर तेच सुरू. मग लक्षात आलं की मी माणसांना त्यांच्या स्वतःच्या माहितीबद्दल शिकवत होते, आणि त्यांच्या हातात तर साऱ्या गावाची माहिती होती.

खेड्यात लोकांची ओळख कुठल्या दूरच्या सर्व्हरवरून सांडण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात, केंद्राच्या टेबलावर, रेशन दुकानाच्या रजिस्टरमध्ये आणि ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांडते. म्हणून बोलवायचं ते या माणसांना. केंद्रचालक तर आहेतच, सोबत बँकमित्र, रास्त भाव दुकानदार, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, दोन-चार आशाताई, शाळेचा एखादा शिक्षक, आणि तालुक्याच्या चौकातला झेरॉक्सवाला. त्याला तर आवर्जून बोलवा, कारण त्याला आजवर कुणी कुठे बोलवलेलं नाही. वक्ते दोनच: जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातून एक आणि बँकेकडून एक. दोघांनाही दुपारी जेवणानंतर अर्धा-अर्धा तास द्या आणि आधीच सांगून ठेवा, भाषण नको, प्रश्नांची उत्तरं द्या.

सकाळचं पहिलं काम सांगते. प्रत्येकाला आपापला लॅपटॉप आणायला सांगा, मशीनसकट. सगळे बसले की म्हणायचं, डाउनलोडचा फोल्डर उघडा.

सेलूकडच्या एका मुलाचा लॅपटॉप मला आठवतो. हुशार, कामसू पोरगा, गावात त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याच्या फोल्डरमध्ये ई-आधारच्या दोन हजारांवर फाइली होत्या. एकाच नावाच्या, पुढे कंसात आकडे वाढत गेलेले. मधूनमधून सातबारा, बँक पासबुकाचे फोटो, जातीचे दाखले, कुणाच्या तरी घटस्फोटाचा हुकूम, कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट. सहा वर्षांचा गाव होता तो. पोरगा म्हणाला, "मॅडम, पासवर्ड असते न त्याले." मग मी सगळ्यांना विचारलं, ई-आधारच्या फाइलीचा पासवर्ड काय असतो? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. आता मला सांगा, गावात कुणाचं नाव कुणाला माहीत नाही? आणि वय तर अंदाजानेही दोन-तीन खेपेत सापडतं. हे कुलूप परक्यासाठी आहे, गावातल्या माणसासाठी त्याची किल्ली दारातच टांगलेली आहे.

त्या दिवशी त्याने तिथेच बसून फाइली पुसल्या. नुसत्या पुसल्या नाहीत, रिसायकल बिनही रिकामा केला. ते बहुतेक जण विसरतात. मग व्हॉट्सॲपची पाळी आली. लोक फोटो पाठवतात, ते आपोआप फोनमध्ये उतरतात, तिथून घरच्या पोरांच्या हातात जातात, आणि संगणकावर व्हॉट्सॲप वेब चोवीस तास उघडं. आपोआप उतरणं बंद करणं दोन मिनिटांचं काम आहे. ते काम कार्यशाळेतच, सगळ्यांच्या हातून करून घ्या. 'घरी जाऊन करा' म्हटलेलं कुणी करत नाही. माझा अनुभव असा की या पहिल्या दीड तासात माणसं गप्प होतात आणि मग स्वतःहून बोलायला लागतात. तिथून पुढे कार्यशाळा त्यांची होते.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे आणि तुमच्यातल्या काहींना ती टोचेल. पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा टाकलाय? महाडीबीटी असो, पीक विमा असो, फार्मर आयडी असो. शेतकऱ्याकडे फोन नाही, असला तर रिचार्ज नाही, रिचार्ज असला तर तो वावरात आणि फोन घरी. ओटीपीसाठी त्याला तीनदा बोलावण्यापेक्षा केंद्रचालक स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. त्यात बदमाशी नाही, सोय आहे, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याचा परिणाम असा की त्या माणसाची ओळख तुमच्या खिशात राहते. त्याच्या नावावर काय मंजूर झालं, काय नाकारलं, कोणी काय बदललं, ते सगळं तुम्हाला कळतं आणि त्याला कळत नाही. उद्या तुम्ही नंबर बदलला, केंद्र बंद केलं, तर तो आपल्याच खात्याच्या बाहेर उभा.

२०२५ च्या १५ एप्रिलपासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक झाला. आधार आणि सातबारा त्यात एकत्र बांधले आहेत. म्हणजे या एका क्रमांकामागे माणूस, त्याची जमीन आणि त्याचं अनुदान असं तिन्ही आलं. तिथे दुसऱ्याचा मोबाइल नंबर असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते बघा. यावर कार्यशाळेत मी एकच काम करायला लावते. प्रत्येकाने आपला नंबर किती जणांच्या नावावर टाकला असेल त्याचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, नाव न लिहिता. चिठ्ठ्या एका डब्यात. मग बेरीज फळ्यावर. त्यानंतर उपदेशाची गरज पडत नाही. काय करता येईल यावर चर्चा सुरू होते: घरातल्या मुलीचा, सुनेचा, शेजारच्या नातेवाइकाचा नंबर त्याच्या संमतीने टाकणं, आणि ज्यांचे नंबर आपण टाकले त्यांना हंगाम संपल्यावर एकेक करून बोलावून बदलून देणं. ज्याला वाटतं ही चिठ्ठी कुणी पोलिसांना देईल, त्याला स्पष्ट सांगा की डबा तिथेच रिकामा करून चिठ्ठ्या फाडल्या जातील, आणि तसं करा.

कागदांचं दुखणं वेगळं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या दिवसांत तुम्ही पाहिलंच असेल. बायका सकाळी सातपासून रांगेत, त्यांच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागणार, आणि सर्व्हर चालत नाही. मग केंद्रचालक म्हणतो, "राहू द्या ताई कागद, राती सर्व्हर चालू झाला का करून देतो." ती बिचारी विश्वासाने पिशवी ठेवून जाते. अशा पन्नास पिशव्या. त्यातल्या दहा जणींचे कागद एकमेकींत मिसळतात, पाच जणी परत न्यायला येतच नाहीत, आणि सहा महिन्यांनी ती झेरॉक्स भज्याच्या गाडीवर सापडते. मी हे ऐकीव सांगत नाही. एका आठवडी बाजारात माझ्या हातातल्या पुड्याच्या कागदावर कुणाचा तरी फोटो आणि बारा आकडे होते. पुडा उलगडून मी तिथेच उभी राहिले. त्या बाईला शोधायला मला दोन दिवस लागले. तिला कागद परत दिला तेव्हा ती म्हणाली, "मी तर हा इस्कुलात देल्ला होता." म्हणजे तो केंद्रातून आलाच नव्हता.

यावर उपाय साधा आहे आणि मला तो एका केंद्रचालक ताईनेच शिकवला. ती खाकी पाकिटं ठेवते. कागद ठेवून घ्यायचेच असतील तर पाकिटात घालून वर नाव, काम आणि तारीख. परत देताना पाकिटावर सही. पंधरा दिवसांत न नेलेलं पाकीट फोन करून बोलावून देते, महिनाभरात कुणी आलं नाही तर फाडून टाकते आणि वहीत तशी नोंद करते. दुसरी सवय झेरॉक्सवर आडवं लिहिण्याची: 'फक्त पीक विमा, खरीप २०२५ साठी' आणि तारीख. असा कागद दुसऱ्या कामाला वापरणं जड जातं. तिसरी, जिथे चालेल तिथे मास्क केलेलं आधार, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका, मास्क आधार द्या असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, लोक त्याचा चुकीचा अर्थ काढतील म्हणून. मला वाटतं त्यातला सल्ला चांगलाच होता. तुमच्या तालुक्यात तो घाबरवल्याशिवाय पोचवता येईल, आणि ते काम तुमच्याइतकं कुणी करू शकत नाही.

आता पैशांचं. इथे मात्र मी हळवी होते, माफ करा.

एका गावात मी बँकमित्रांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते. दुपारी एक म्हातारी माझ्याजवळ आली. निराधारचे पैसे काढायला गेली होती. बोटं पाहिली तर कापूस वेचून वेचून टोकं कातरलेली, बोंडाच्या काट्यांनी बारीक चिरा पडलेल्या. ठसा उमटणार तरी कसा? तिने सांगितलं, "बाई, दोनडाव अंगठा लावला मी. पहिल्याखेपी लागलाच नाही म्हणे. मले त एकडाव हजारच देल्ले." पासबुक भरून आणलं तर एकाच दिवशी हजार-हजारच्या दोन नोंदी. पहिल्या खेपेला अंगठा लागला होता. तिला पावती दिलेली नव्हती, कारण 'तुला वाचता येते कुठं'. तो माणूस कोण ते मी इथे लिहीत नाही. पैसे तिला परत मिळाले. पण तिने दोन वर्षांत किती वेळा अंगठा लावला असेल त्याचा हिशेब कुणाजवळ आहे?

आधारवरून पैसे काढताना पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, बस. एका खेपेला दहा हजारांपर्यंत. ही व्यवस्था ज्यांना एटीएम दूर आहे त्यांच्यासाठी फार मोलाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण पिन बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दापल्ली भागात एकाने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे संकेतस्थळावरून उतरवले, त्यांचे नकली ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डं सुरू केली. सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तेलंगण, हे काही परदेशात घडलेलं नाही. खरेदीखताच्या त्या पानावर आपल्याही आजोबांचा अंगठा आहे. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आधारने ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी दुहेरी पडताळणी आणली. आणि बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आपले ठसे बंद करून ठेवायची सोय, तर आधारच्या मोबाइल ॲपमध्ये आधीपासून आहे. लॉक केलं की अंगठा कुठेच चालत नाही, हवं तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. तुमच्या कार्यशाळेला आलेल्या प्रत्येकाने स्वतःचं लॉक करून, उघडून, पुन्हा लॉक करून पाहावं. स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. मात्र म्हातारीला लॉक करायला सांगू नका. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा नाकारला जाईल आणि ती रिकाम्या हाताने घरी जाईल. तिच्यासाठी नियम एकच: पावती, आणि 'लागला नाही' म्हटलं की आधी शिल्लक तपासायची, मगच पुन्हा अंगठा. बोटं फारच झिजली असतील तर हात धुऊन, ओल्या फडक्याने पुसून दुसरं बोट बघा, नाहीतर जिथे सोय आहे तिथे डोळ्याने किंवा चेहऱ्याने पडताळणी करा.

फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा. त्या वेळी पैसे कुठल्या खात्यात थांबवता येतील हे तासांवर ठरतं, म्हणून 'उद्या पोलीस ठाण्यात जाऊ' म्हणायचं नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या, फोनमध्ये फसवं ॲप बसवणाऱ्या एपीके फाइलींबद्दल सायबरवाले सांगतीलच, मी त्यात वेळ घालवत नाही.

गोपनीयता हा शब्द मी कार्यशाळेत फार वापरत नाही. तो ऐकला की लोक म्हणतात, आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे? गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. मग मी त्यांना एक प्रसंग करून दाखवायला लावते. एक जण केंद्रचालक, एक आजी, मागे पाच जणांची रांग. केंद्रचालक नेहमीसारखा मोठ्याने म्हणतो, "आजी, तुमच्या खात्यात चौदा हजार आहेत!" मग रांगेतल्या प्रत्येकाला विचारायचं, तुम्ही आता काय कराल? एक म्हणतो, उसने मागीन. एक म्हणतो, तिच्या पोराला सांगीन. एकदा एक बाई म्हणाल्या, "मी त तिले म्हणीन, पोराले सांगू नको." कुणी हसलं नाही, सगळे शांत झाले. चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती ती, हे सगळ्यांना आपोआप कळलं. शिल्लक मोठ्याने न वाचता पावतीवर बोट ठेवून दाखवायची, एवढा बदल करायला एक रुपया लागत नाही.

आशाताईंना याच वेळी बोलतं करा. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. कार्डावर 'वाहक' लिहिलेली मुलगी आजारी नसते. पण ती यादी गावच्या ग्रुपवर गेली तर तिचं जमलेलं लग्न मोडू शकतं. एका आशाताईंनी मला सांगितलं होतं की त्या आपलं रजिस्टर पिठाच्या डब्यात ठेवतात, कारण घरात कुलपाचं कपाट नाही. माहिती सांभाळणं काय असतं हे त्यांच्याइतकं नेमकं मी कुठल्याच परिषदेत ऐकलं नाही. त्यांना तुमच्या कार्यशाळेत बोलायला पंधरा मिनिटं द्या.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध जी याचिका केली, त्यातून हा निकाल आला. पुढे २०१८ च्या निकालाने आधार वैध ठरवलं, पण सिमकार्डला आणि बँक खात्याला ते सक्तीने जोडणं रद्द केलं. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा सांगून केंद्रचालकांना घाबरवणारे वक्ते मला आवडत नाहीत. त्यापेक्षा दोन गोष्टी समजावून सांगा.

एक, हा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. नुसती कागदाची झेरॉक्स त्यात बसत नाही. पण तिचा फोनवर फोटो काढला किंवा स्कॅन केली की त्या क्षणापासून बसते. आधार कायदा मात्र कागदालाही सोडत नाही. लोकांचे आधार क्रमांक, पत्ते, फोटो जाहीरपणे लावायला त्याच्या कलम २९ ने मनाई आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर पूर्ण आधार क्रमांकांसकट लाभार्थ्यांची यादी लागलेली दिसली तर ग्रामसेवकांना हे कलम दाखवा, भांडू नका. मी दाखवलं तेव्हा त्यांनी यादी त्याच दिवशी काढली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन, संमती. २०२३ चा कायदा म्हणतो की माहिती का घेतोय ते माणसाला समजेल अशा शब्दांत सांगावं, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यावी. मराठी त्यात आहे. कोरकू नाही, गोंडी नाही. मेळघाटातल्या हरिसालला डिजिटल गाव म्हणून मोठं नाव मिळालं, पण तिथल्या कोरकू बाईला पडद्यावरची चौकट तिच्या बोलीत कोण सांगणार? टेबलामागे बसलेलाच. सरकारी लाभ देताना सरकारला संमतीबाबत कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे, हेही लोकांपासून लपवू नका. पण मोकळीक सरकारला आहे, म्हणून तुम्ही टिक करण्याआधी एक वाक्य बोलू नये असं कुठे आहे? कार्यशाळेत प्रत्येकाने ई-केवायसीची ती चौकट आपल्या बोलीत दोन वाक्यांत सांगून दाखवायची. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही, कारण ती आपण स्वतःच कधी वाचलेली नसते.

दिवसाची आखणी तुम्ही करू नका. इथे माउंटन व्ह्यूच्या त्या कार्यशाळेची एक पद्धत मी उचलली आहे. तिथे आधी ठरलेला कार्यक्रमच नसतो. सकाळी सगळे गोल बसतात, ज्याला जे मांडायचंय ते तो कागदावर लिहून भिंतीवर लावतो, त्यावरून गट पडतात, आणि प्रत्येक गटाची टिपणं शेवटी एकत्र करून प्रसिद्ध करतात. मी तिथे गेलेली नाही, टिपणं मात्र वाचते. आपल्याला ही पद्धत परकी नाही, पारावर दुसरं काय होतं? फोल्डरचं आणि चिठ्ठीचं काम झालं की दुपारपर्यंतचा वेळ असाच सोडा. टिपणं लिहायला ज्याचं अक्षर चांगलं त्याला बसवा आणि त्याची झेरॉक्स आठवड्याभरात सगळ्यांना पोचवा. ती मात्र हवी तितकी काढा.

महिना. जून-जुलै नको, दाखल्यांची आणि पीक विम्याची गर्दी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन आणि कापूस. मार्चअखेर बँकवाले येणार नाहीत, एप्रिल-मेमध्ये टिनाच्या सभागृहात माणूस बसू शकत नाही. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी बरा. २८ जानेवारी हा जगभर माहिती संरक्षणाचा दिवस मानतात, जमलं तर तोच धरा, पण त्या दिवशी दिग्रसचा बाजार नाही ना ते बघा. जागा पंचायत समितीचं सभागृह. हॉटेल नको.

एक शेवटचं, नोंदणीच्या टेबलाबद्दल. एका जिल्ह्याच्या ठिकाणी याच विषयावर मोठा कार्यक्रम होता. दारातच दोन मुली बसवलेल्या, प्रवासभत्त्यासाठी प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स आणि बँक पासबुकाचं पान घेत होत्या. शंभरावर माणसं होती. संध्याकाळी सभागृह रिकामं झालं तेव्हा तो गठ्ठा हारांच्या टोपलीशेजारी टेबलावर तसाच पडलेला. मी तो उचलून आयोजकांच्या घरी नेऊन दिला. ते माणूस म्हणून चांगले होते, त्यांना फार वाईट वाटलं. तुमच्याकडे नाव, गाव आणि सही एवढंच घ्या. भत्ता द्यायचा असेल तर रोख द्या, व्हाउचरवर सही घ्या.

तारीख ठरली की कळवा. मी वर्ध्याहून पहिल्या एसटीने निघेन. प्रोजेक्टर नसला तरी चालेल, पण पस्तीस लॅपटॉप चालतील एवढे एक्स्टेन्शन बोर्ड, इन्व्हर्टर आणि एक फळा नक्की लागेल. आणि खाकी पाकिटांचा एक गठ्ठा आणून ठेवा, जाताना प्रत्येकाला पन्नास-पन्नास देऊ.